टाइप १ मधुमेह असलेलं लहान मूल : अर्ध्या युनिटचे हिशोब (अनुभव धागा)

धागाकर्ती, पुणे

पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला टाइप १ (अंगात इन्सुलिन जवळपास बनतच नाही तो मधुमेह) निघाला की डॉक्टर डोस लिहून देतात. घरी आल्यावर जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं मात्र फाइलमध्ये नसतात. ती इथे गोळा करू. कुणी कुणाला डोस सुचवायचा नाही, तो ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचा. आणि स्वतःची कहाणी नको. काय, किती, आणि कशानं बिघडतं ते लिहा.

सुरुवात आकडेमोडीनं करते. १४ किलोच्या मुलाला दिवसाला एकूण १० युनिट लागतात असं धरा. १८०० आणि ५०० हे अंदाजाचे ठरीव आकडे, त्यांना दिवसाच्या युनिटनी भागायचं. जलद इन्सुलिनसाठी १८०० भागिले १०, म्हणजे एक युनिट शुगर अंदाजे १८० नं खाली आणतं. ५०० भागिले १०, म्हणजे एक युनिट ५० ग्रॅम कार्ब (खाण्यातली कर्बोदकं) सांभाळतं. या वयात नाश्त्याला इन्सुलिन जास्त लागतं, म्हणून सकाळी ५०० ऐवजी ३३० किंवा २५० नं हिशोब सुरू करतात. म्हणजे सकाळी एक युनिट २५ ते ३३ ग्रॅमनाच पुरतं. अर्ध्या युनिटची चूक झाली तर शुगर ९० नं चुकते. मोठ्या माणसासाठी लिहिलेले सल्ले लहान मुलाला का चालत नाहीत, ते यावरून कळेल.

लातूर, बाबा

सगळ्यात आधी सिरिंज. आपल्याकडे कुपीतलं साधं इन्सुलिन बहुतेक ४० चं, म्हणजे एका मि.ली.त ४० युनिट. पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० चं. लाल झाकणाची सिरिंज ४० ची, केशरी झाकणाची १०० ची. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये ४ च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात १० युनिट जातात. दिवसभराचा डोस एका टोचणीत! उलट झालं, म्हणजे ४० चं इन्सुलिन केशरी सिरिंजमध्ये भरलं, तर डोसच्या दोन पंचमांशच जातं आणि शुगर का उतरत नाही ते कुणाला कळत नाही. मेडिकलवाला "हीच आहे, चालते" म्हणाला तरी घ्यायची नाही. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून सिरिंजनं ओढायची वेळ आली तर केशरीच.

१०० ची १ मि.ली. सिरिंज घेतली तर तिच्यावर एक रेघ दोन युनिटची असते, लहान मुलाला निरुपयोगी. ०.३ मि.ली. ची मागा, तिच्यात अर्ध्या युनिटच्या रेघा मिळतात. परवडत असेल तर अर्ध्या युनिटनं फिरणारं पेन घ्यावं.

दोन इन्सुलिन एकाच सिरिंजमध्ये देणाऱ्यांसाठी क्रम, समजा ३ युनिट पारदर्शक (साधं) आणि ४ दुधी (जास्त वेळ चालणारं). दुधी कुपी तळव्यांमध्ये हळूहळू १०-२० वेळा फिरवायची, हलवायची नाही. दुधी कुपीत ४ युनिट हवा सोडा, सुई औषधाला लागू न देता बाहेर काढा. मग पारदर्शक कुपीत ३ युनिट हवा सोडून ३ ओढा, बुडबुडे घालवा. शेवटी दुधीत सुई घालून दांडा ७ वर आणा. दुधी जास्त ओढलं गेलं तर परत कुपीत ढकलायचं नाही. सगळं फेकून पहिल्यापासून. दुधीचा थेंब पारदर्शक कुपीत गेला तर ती कुपी पुढे नीट काम करत नाही. ग्लारजिन (दिवसभर पुरणारं इन्सुलिन) असेल तर ते कशातच मिसळायचं नाही.

नाशिक, आई

पेनबद्दल. दर वेळी नवी सुई, ४ मि.मी. ची. आधी २ युनिट हवेत सोडून टोकाशी थेंब दिसतो का बघायचं. टोचल्यावर बटण दाबून दहापर्यंत मोजायचं, मगच सुई काढायची. टोचून झालं की सुई पेनवर ठेवू नका. ऊन-गारव्यानं आत हवा शिरते, आणि त्या बुडबुड्यानं अर्धा युनिट सहज खाल्ला जातो.

कार्ट्रिज ३०० युनिटचं. बेसलचे (दिवसभर संथ चालणाऱ्या इन्सुलिनचे) ५ युनिट आणि सोडलेले २ मिळून दिवसाला ७, म्हणजे २८ दिवसांत १९६. शंभरेक युनिट उरतात आणि ते टाकावे लागतात. जीवावर येतं, पण उघडलेलं इन्सुलिन २८ दिवसांनंतर भरवशाचं नाही. जेवणाआधीच्या पेनात दिवसाला तीनदा २-२ सोडले की ते कार्ट्रिज जवळपास मुदतीतच संपतं. उघडल्याची आणि फेकायची, अशा दोन्ही तारखा मार्करनं कार्ट्रिजवर लिहा.

जागा बदलणं: पोट, मांड्यांची बाहेरची बाजू, ढुंगण. बारक्या मुलांना ढुंगण सगळ्यात सोयीचं, चरबी तिथेच असते. मुलं एकच "न दुखणारी" जागा मागतात. दुखत नाही कारण तिथे गाठ झालेली असते, आणि गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. आठवड्यातून एकदा आंघोळीच्या वेळी साबणाच्या हातानं चाचपून बघा, नजरेला दिसण्याआधी बोटाला लागते. टोचल्यावर लगेच कढत पाण्यानं आंघोळ किंवा त्या जागेला मालिश नको. इन्सुलिन पटकन चढतं आणि हायपो होतो, म्हणजे शुगर फार खाली जाते.

नागपूर, बाबा

उन्हाळा. न उघडलेलं २ ते ८ अंशांत, वापरातलं २५-३० च्या आत. इकडे मे महिन्यात घरातच त्याच्या वर असतं, शिवाय वीज जाते. मोठ्या माठात वाळू, तिच्यात लहान मडकं, वाळू सकाळ-संध्याकाळ ओली. कुपी डबीत घालून आतल्या मडक्यात, वर झाकण. माठ सावलीत आणि वाऱ्याला ठेवा. बंद खोलीत ठेवला तर काही उपयोग नाही.

फ्रीजमध्ये फ्रीजरच्या कप्प्याखाली किंवा मागच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर अगदी चांगलं दिसतं, पण कामाचं नसतं. प्रवासात थेट बर्फावर ठेवलं तरी तेच. मध्ये टॉवेलची घडी हवी.

रत्नागिरी, आजी

नागपूरकर, तुमचा माठ कोकणात चालायचा नाही हो. हवेत इतका दमटपणा की पाणी उडतच नाही, मग गार काय होणार? इथे फ्रीजच, आणि वीज गेली तर दार उघडायचं नाही. दमट हवेचा दुसरा त्रास मीटरच्या पट्ट्यांना. डबीचं झाकण उघडं राहिलं की पट्ट्या खराब. पट्टी काढली की झाकण टक्कन लावायचं, आणि पट्ट्या दुसऱ्या डबीत ओतून ठेवायच्या नाहीत.

आंब्याच्या दिवसांत एक लक्षात ठेवा. बोटाला रस असेल तर मीटर ३००-४०० सुद्धा दाखवतो. सॅनिटायझरनं रस जात नाही. साबणानं हात धुवा, कोरडे करा, मग टोचा, तेही बोटाच्या कडेला. आकडा पटत नसेल तर इन्सुलिन देण्याआधी हात धुवून पुन्हा बघा.

अंगाला तेल लावायची सवय असेल तर सेन्सर (दंडावर चिकटवायचं, सतत शुगर दाखवणारं यंत्र) लावायच्या आदल्या दिवसापासून त्या दंडाला तेल नको. चिकटत नाही.

धागाकर्ती

आजी, सेन्सरचा विषय निघालाच आहे तर पुढचं सांगते. सेन्सर रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली शुगर मोजतो, म्हणून पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. हायपोवर साखर दिल्यावर सेन्सर अजून खालीच दाखवतो, घाबरून आई आणखी साखर देते आणि तासाभरात २८०. साखर दिल्यानंतरची तपासणी बोटावर करा. दुसरं, मूल सेन्सरवर दाबून झोपलं की रात्री खोटा हायपो वाजतो. कुशीवर वळवा, बोट तपासा, मगच साखर.

डायबेटिस एज्युकेटर, कोल्हापूर

हायपोबद्दल तपशिलात लिहिते, कारण घरोघरी इथे अंदाजपंचे चालतं. ७० च्या खाली हायपो. मोठ्यांचं "१५ ग्रॅम साखर" लहान मुलाला लावू नका. दर किलो वजनाला ०.३ ग्रॅम. १४ किलोला सव्वाचार ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा साखर किंवा ग्लुकोज पावडर, थोड्या पाण्यात. तयार गोड रस असेल तर ४० मि.ली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० च्या वर नसेल तर तेवढंच पुन्हा. चॉकलेट, पेढा, बिस्किट यांचा इथे उपयोग नाही, तुपा-तेलामुळे साखर उशिरा चढते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर चार-चार ग्रॅम मोजून झाकणाच्या बारक्या डब्या भरून ठेवा. कागदी पुड्या पावसाळ्यात दगड होतात.

बोलता न येणाऱ्या मुलाचा हायपो ओळखायचा तो वागण्यावरून: एकाएकी चिडणं, घाम, ओठ पांढरे, खेळता-खेळता गप्प बसणं. हट्ट आहे की हायपो, असा वाद घालत बसू नका, बोट तपासा.

मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही. मधसुद्धा नाही, श्वासनलिकेत जातो. कुशीवर वळवा. ग्लुकागॉन (शुगर वर आणणारं इंजेक्शन) घरात असेल तर २५ किलोच्या आत ०.५ मि.ग्रॅ., त्याच्या वर १ मि.ग्रॅ., मांडीत. आणि १०८ ला फोन. ग्लुकागॉन सगळ्या मेडिकलांत मिळत नाही, तेव्हा लागण्याआधीच कुठे मिळतं ते विचारून ठेवा. मुदत संपलेल्या किटवर मिसळायचा सराव करा. पावडर आणि द्रव वेगळे असतात, घाईत हात थरथरतात.

ठाणे, आई

जेवण. भाकरी-चपातीचे कार्ब "एक मध्यम" असे मोजू नयेत, पीठ मोजावं. ३०० ग्रॅम कणकेत साधारण २०० ग्रॅम कार्ब. दहा चपात्या लाटल्या तर प्रत्येकी २०. ज्वारीची भाकरी ५० ग्रॅम पिठाची असेल तर ३५ च्या आसपास. "भाकरी चालते, चपाती नको" याला अर्थ नाही, हिशोब पिठाचा. ३० ग्रॅम कोरड्या पोह्यांत २३. शिजलेला भात १०० ग्रॅमला २८. पेलाभर दूध, म्हणजे २०० मि.ली., ९ ते १०. साबुदाणा सगळ्यांवर कडी करतो, ४० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ३५, बटाटा वेगळा. मध्यम उकडीचा मोदक २५ ते ३०. गूळ आणि साखर कार्बच्या हिशोबात जवळपास सारखेच. "शुगर फ्री" बिस्किटात मैदा असतोच, पुड्याच्या मागे एकूण कार्ब वाचा.

जलद इन्सुलिन जेवणाआधी १०-१५ मिनिटं द्यावं हे खरं, पण तीन वर्षांचं मूल दोन घास खाऊन उठतं. मग डॉक्टरांशी बोलून डोस दोन भागांत: जेवढं नक्की पोटात जाईल तेवढ्याचा आधी, उरलेला ताट बघून. त्यात खाण्यावरून जबरदस्ती उरत नाही, हा मोठा फायदा. साध्या पारदर्शक इन्सुलिनला ही सोय नाही. ते अर्धा तास आधी द्यावं लागतं आणि सहा-आठ तास रेंगाळतं, म्हणून मधल्या वेळचं खाणं चुकवता येत नाही.

न्यू जर्सी, बाबा

पंपवाल्यांसाठी, म्हणजे नळीतून सतत इन्सुलिन देणारं यंत्र वापरणाऱ्यांसाठी. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं, अंगात बेसलचा साठा नसतो. नळी दुमडली की काही तासांत कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारी आम्लं) चढायला लागतात. शुगर २५० च्या वर गेली आणि दुरुस्तीच्या (वाढलेली शुगर उतरवायच्या) डोसनंही उतरली नाही, तर पंपावर भरवसा ठेवू नका: कीटोन बघा, दुरुस्तीचा डोस पेननं द्या, नळी बदला. पंप असला तरी पेन आणि सुया घरात हव्यातच. विमानात इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, खाली सामानात गोठू शकतं.

डायबेटिस एज्युकेटर, कोल्हापूर

ताप-उलटीचे दिवस. "काही खाल्लं नाही म्हणून इन्सुलिन दिलं नाही" हे वाक्य दवाखान्यात फार वेळा ऐकू येतं आणि बहुतेक वेळा पुढे आयसीयू असतो. आजारात खाणं नसलं तरी बेसल थांबवायचं नाही, डोस कमी-जास्त डॉक्टर सांगतील. दर दोन-तीन तासांनी शुगर, सोबत कीटोन. रक्तातले कीटोन ०.६ च्या आत ठीक. १.५ च्या वर फोन. ३ च्या वर थेट दवाखाना. लघवीची पट्टी वापरत असाल तर मध्यम किंवा गडद रंगाला फोन. शुगर जास्त असेल तर पाणी, मीठ घातलेलं लिंबूपाणी. शुगर कमी असेल तर ओआरएस किंवा साखरेचं पाणी, चमचा-चमचा. उलट्या थांबत नसतील, श्वास खोल आणि जोरात चालत असेल, मूल गुंगीत असेल, तर घरी प्रयोग नकोत. कीटोनसाठी जादा डोस किती, हे निरोगी दिवशीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

निदानानंतर काही आठवड्यांत डोस एकदम कमी होतो, कधी दिवसाला दोन-तीन युनिट. हा हनीमूनचा काळ. याच वेळी कुणीतरी चूर्ण देतं आणि श्रेय घेतं. डोस कितीही उतरला तरी इन्सुलिन पूर्ण बंद करू नका.

बालवाडी शिक्षिका, सांगली

शाळेला जाड फाइल देऊ नका, एकच पान द्या. वर मुलाचा फोटो आणि फोन नंबर. खाली: ७० च्या खाली एक डबी साखर, पंधरा मिनिटांनी तपासणी, एकटं पाठवायचं नाही, बेशुद्ध असेल तर तोंडात काही नाही. डब्यावर चिकटपट्टी लावून त्यातले कार्ब लिहा, आणि अर्धा डबा उरला तर तसा निरोप आम्ही देऊ. साखरेच्या डब्या दप्तरात नकोत, वर्गातल्या कपाटात ठेवा, दप्तर कुठेही पडलेलं असतं. वाढदिवसाच्या चॉकलेटला बंदी घालण्यापेक्षा ते घरी पाठवा म्हणून सांगा. लघवीला सारखं जावं लागलं तर अडवायचं नाही, हेही पानावर लिहा. नवीन बाई आल्या की पान पुन्हा समजावून द्यावं लागतं. शाळा अडून बसली तर राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं २०२३ मध्ये टाइप १ मुलांच्या शाळेतल्या काळजीबद्दल राज्यांना पाठवलेलं पत्र छापून न्या.

परभणी, आई

इन्सुलिन-पट्ट्यांचा खर्च झेपत नसेल तर छत्रपती संभाजीनगरची उडान आणि नागपूरचा ड्रीम ट्रस्ट या संस्था टाइप १ च्या मुलांसाठीच काम करतात, विचारून बघा. वापरलेल्या सुया फिनेलच्या जाड बाटलीत टाका, तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीनं बंद करून दवाखान्यात द्या. घंटागाडीत टाकू नका.

आणि धाग्यात कुणी लिहिलं नाही म्हणून: घरातल्या दुसऱ्या मुलाला एकाएकी खूप तहान, सुटलेलं गादी ओली करणं पुन्हा सुरू, वजन उतरणं, लघवीला मुंग्या लागणं असं काही दिसलं तर आपल्याच मीटरवर तेव्हाच शुगर बघा. जेवल्यानंतरची २०० च्या वर असेल तर त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवशीची वाट बघायची नाही.