मदत हवी आहे: शिफ्ट बदलताना अर्धवट काम पुढच्याला नक्की कसं सोपवता?

नमस्कार मंडळी, मी समुद्रपूर तालुक्यातला (जि. वर्धा), नागपूरला रूम करून एएमईचा (विमान देखभाल इंजिनिअर) कोर्स करतोय. पुढच्या महिन्यात हँगर ट्रेनिंग लागणार अन् नाइट शिफ्ट पण राहणार म्हणतात. मॉड्यूल ९, ह्यूमन फॅक्टर्स (कामात माणसाच्या चुका कशा होतात ते) चालू आहे, डर्टी डझनची, म्हणजे चुकांच्या बारा कारणांची, बाराही नावं पाठ आहेत, पेपर निघून जाईल, पण मले प्रत्यक्ष कामाचं विचारायचं आहे.

११ सप्टेंबर १९९१ ची टेक्सासची केस वाचली, कॉन्टिनेंटल एक्सप्रेसचं एम्ब्रेअर १२० विमान. आदल्या रात्री शेपटीवरचे डी-आइस बूट (बर्फ काढणाऱ्या रबरी पट्ट्या) बदलायचे होते, त्यासाठी डाव्या बाजूचे वरचे ४७ स्क्रू एका शिफ्टनं काढले, काम उजवीकडंच झालं अन् डावीकडचे स्क्रू परत लावायचेच राहिले. एवढ्या उंचावर, ते पण वरच्या अंगाला, खालून कोणाले काय दिसणार. विमान सोडलं, हवेत लीडिंग एज (शेपटीच्या आडव्या पंखाची पुढची कड) निघाली, १४ च्या १४ जण गेले.

आमचे सर म्हणतात लिहून द्या म्हणजे झालं. पण तिथं तर लिहिलं होतं! येणाऱ्या इन्स्पेक्टरनं टर्नओव्हर शीट (पाळी बदलताना कामाची नोंद करायचा कागद) आधीच वाचून घेतली होती अन् नोंद नंतर पडली. मंग नुसत्या कागदावर भरोसा कसा ठेवायचा? बाबा जिनिंगमध्ये फिटर आहेत, तिथं पाळी बदलताना दोघं मशीनजवळ उभे राहून हात लावून दाखवतात, तसं हँगरमध्ये करतात का की वेळच नसतो?

दुसरं म्हणजे काढलेले स्क्रू कुठं ठेवता, पिशवीला टॅग लावून त्याच पॅनेलजवळ का स्टोअरमध्ये, आणि टास्क कार्डात (करायच्या कामाच्या लेखी कागदात) ते काम नसताना कोणी मदत म्हणून दोन स्क्रू काढले तर त्याची नोंद कुठं करायची? मले हेच सगळ्यात धोक्याचं वाटते, कारण रिलीजची (विमान उडायला सोडायची) सही लायसन्सवाल्याची असली तरी स्क्रू काढाले आम्हा ट्रेनींनाच चढवतील, अन् सीनियर घाईत म्हणाला की राहू दे मी सांगतो त्याले, तर त्याला न दुखावता कसं थांबवायचं?

बेस मेंटेनन्समधल्या (हँगरमधल्या मोठ्या देखभालीच्या कामातल्या) दादा-ताईंनी जरूर सांगा. कंपनीचा कागद टाकू नका, तुमच्या हँडओव्हर शीटमध्ये कोणकोणते रकाने असतात तेवढं लिहिलं तरी लय होईल.