पीएचडीला कम्प्युटेशनल सोशल सायन्सचं स्पेशलायझेशन जोडू का? तिसरं वर्ष संपत आलंय

कच्चा_मसुदा:
नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात पीएचडी करतेय, विषय नर्सेसच्या कामाच्या वेळा, म्हणजे रात्रपाळी, डबल ड्युटी आणि त्यापायी घराचं काय होतं ते. 34 मुलाखती झाल्यात, निम्म्या टाइप करून झाल्या, उरलेल्यांकडे बघवत नाही. आता आमच्याकडे कम्प्युटेशनल सोशल सायन्सचं, म्हणजे ढीगभर डेटा कॉम्प्युटरनं चाळून समाजाचा अभ्यास करण्याचं, स्पेशलायझेशन निघालंय. वेगळी डिग्री नाही, पीएचडी समाजशास्त्राचीच राहते, फक्त पुढे हे नाव जोडलं जातं. त्यासाठी चार जादा कोर्स, कमिटीवर त्यांच्या यादीतला एक प्रोफेसर, आणि थिसिसमधलं निदान एक प्रकरण त्या पद्धतीनं केलेलं हवं.

मोह होतोय कारण नर्सेस जिथे मोकळेपणानं लिहितात अशा एका ऑनलाइन ग्रुपवर हजारो पोस्ट पडून आहेत आणि त्या सगळ्या वाचणं एका माणसाच्या हातचं नाही. गाइड म्हणाले, "कर की, पण मला त्यातलं काही विचारू नकोस." पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं एक वर्कशॉप केलंय, फॉर लूपपर्यंत गाडी जाते, पुढे ढकलावी लागते. वर्ष वाढेल का? आणि नाव न जोडता नुसतं शिकून घेतलं तर नाही का चालणार?

उशिरा_जागा:
मी राज्यशास्त्रात असताना हेच केलं, म्हणून लिहितोय. कोर्सचं ओझं वाटतं तेवढं नसतं, डिपार्टमेंटचे मेथड्सचे पेपर त्यात धरतात का ते आधी विचार, आणि तोंडी उत्तरावर अजिबात जाऊ नकोस, ईमेलवर लेखी घे. माझे दोन धरले, तिसऱ्याला आधी हो हो म्हणाले आणि फॉर्म भरायच्या दिवशी नाही. सहा महिने तिथेच गेले.

पण खरा फायदा कोर्सचा झालाच नाही, कोर्स काय, नेटवर ढिगानं आहेत. फायदा झाला कमिटीवर आलेल्या मॅडमचा. मी पहिल्या मीटिंगला रंगीत ग्राफ घेऊन गेलो, विधानसभेतली भाषणं, टॉपिक मॉडेल (मशीन शब्दांवरून मजकुराचे विषय पाडतं ते), झकास दिसत होतं सगळं. त्यांनी एवढंच विचारलं, हे चुकलं असेल तर तुला कळणार कसं? गप्प बसलो. मग दीड महिना 600 भाषणांचे तुकडे हातानं वाचून लेबलं लावत होतो, मित्रानं तेच तुकडे वेगळे लावले, दोघांचं किती जुळतं ते काढलं, आणि मग मशीनचं आमच्याशी किती जुळतं ते. थिसिसमधली सगळ्यात भक्कम पानं तीच झाली. एकटा शिकलो असतो तर ग्राफवरच थांबलो असतो हे नक्की.

शेवटचा_बाक:
मी उलट बाजूनं बोलतो, राग मानू नये. तुमच्या 34 मुलाखती हे सोनं आहे आणि तुम्ही त्या सोडून कोळसा खणायला निघालाय. डेटा मोठा म्हणजे उत्तर मोठं असं नसतं हो. फ्रॅजाइल फॅमिलीज चॅलेंज बघा, अमेरिकेतल्या कुटुंबांच्या डेटावरून पुढचं ओळखायची संशोधकांची स्पर्धा, निष्कर्ष 2020 मध्ये छापून आले. 4,242 कुटुंबं, मुलांच्या जन्मापासून गोळा केलेले 12 हजारांहून जास्त व्हेरिएबल (म्हणजे प्रत्येकाबद्दलच्या नोंदी), 160 टीम्स, आणि ओळखायचं काय तर मूल 15 वर्षांचं होईल तेव्हा मार्क कसे असतील, घर सोडावं लागेल का, अशा सहा गोष्टी. भारीतली भारी मॉडेल्स चार व्हेरिएबलच्या साध्या रिग्रेशनपेक्षा, म्हणजे संख्याशास्त्रातल्या जुन्या सरळ गणितापेक्षा, जेमतेम पुढे गेली. आता म्हणाल की हेही त्याच क्षेत्रातल्या लोकांनी दाखवलं, तर हो, तेवढं मान्य.

आणि नाव नवं आहे, काम नवं नाही. 2009 मध्ये सायन्स मासिकात लेझर आणि मंडळींनी लेख लिहिला तेव्हापासून हे नाव गाजलं, पण थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञानं वस्त्या वेगळ्या का पडतात ते 1971 च्या आसपासच दाखवलं होतं, आणि सुरुवात तर कागदावर नाणी सरकवून केली होती. प्रश्न चांगला होता म्हणून नाणी पुरली.

जुनी_वही:
वरच्या दोघांनी एक सोडलं. पोस्ट्स घेणार कशा? माझं एक अख्खं प्रकरण एका मोठ्या साइटच्या डेटावर उभं होतं. संशोधकांना फुकट मिळायचा, मग त्यांचं धोरण बदललं आणि एका पत्रावर दार बंद. तोवर उतरवून ठेवलेलं होतं म्हणून वाचले, नाहीतर ते प्रकरण बुडालंच होतं. तेव्हा ज्यावर कोणीतरी उद्या कुलूप लावेल अशा गोष्टीवर प्रकरण बेतू नकोस, आणि बेतलंस तर कधी काय उतरवलं त्याची तारखेवार नोंद ठेव.

दुसरं, ग्रुप सगळ्यांना दिसतो म्हणजे त्या बायकांनी तुझ्यासाठी लिहिलंय असं नाही. 2014 चं फेसबुकचं प्रकरण आठवत असेल, 6,89,003 जणांच्या फीडमध्ये भावनांचं प्रमाण कमीजास्त करून बघितलं, वेगळी परवानगी कोणाची घेतली नाही, केवढा गदारोळ झाला. तू तर काही बदलणार नाहीस, नुसतं वाचणार, पण एखादी ओळ जशीच्या तशी थिसिसमध्ये टाकलीस आणि कोणी सर्चमध्ये टाकली की बाई सापडली, तिची मेट्रन पण सापडली. एथिक्स कमिटीकडे आधी जा, आणि अवतरणं शब्द बदलून दे.

पगारी_माणूस:
कंपनीत डेटाचं काम करतो, मुलाखती घेतो. डिग्रीपुढे काय जोडलंय ते मी कधी वाचलं नाही. कोड दाखवा म्हणतो आणि हे असंच का केलं ते विचारतो. प्रोफेसरकीसाठी उपयोग होत असेल, ते जाणकार सांगतील.

कच्चा_मसुदा:
सगळ्यांचे आभार. उशिरा_जागा दादा, तुमचं ऐकून काल मैत्रिणीला बसवलं आणि 100 पोस्ट दोघींनी वेगवेगळ्या वाचून लेबलं लावली. 27 ठिकाणी जमलं नाही. आणि कुठे अडलो माहितेय? "पाळी" या शब्दावर. माझा आख्खा विषय पाळीचा आहे आणि मला आजवर सुचलं नव्हतं की हा शब्द दोन गोष्टींसाठी आहे. एक पोस्ट होती (शब्द बदलून सांगते, जुनी_वही ताई), पाळी आलीय, त्यात रात्रपाळी, आणि बदलीची बाई आलीच नाही. मी लिहिलं कामाचा ताण, तिनं लिहिलं आरोग्य. पाऊण तास भांडलो. मशीन तर दोन्ही पाळ्या एकाच टोपलीत टाकणार, आणि बदली म्हणजे ट्रान्सफर की तिच्या जागी आलेली, तेही त्याला कुठून कळणार.

उशिरा_जागा:
बघ, हेच प्रकरण आहे तुझं! एकाच वाक्यात दोन्ही पाळ्या येतात हे तुझ्या मुलाखतींमध्येही असणार, तिथे जाऊन शोध. आणि मराठी मजकूर असेल तर अजून एक घोळ आहे, पाळी, पाळीला, पाळीत, पाळ्यांचं हे सगळे मशीन वेगवेगळे शब्द मोजतं, प्रत्यय आधी सोडवून घ्यावे लागतात, आणि इंग्रजीसाठी तयार टूल्स मिळतात तशी इथे हाताशी नसतात. त्यातच एक सेमिस्टर जाईल असं धर.

शेवटचा_बाक:
पाळीचं आवडलं. शब्द मागे घेत नाही पण कोळसा जरा चमकतोय.

जुनी_वही:
चार कोर्सच्या आधी एसआयसीएसएस, म्हणजे याच विषयाची उन्हाळी शाळा (समर इन्स्टिट्यूट इन कम्प्युटेशनल सोशल सायन्स), करून बघ, 2017 पासून भरते, साधारण दोन आठवडे, पुढे बऱ्याच ठिकाणी शाखा निघाल्या. प्रवेश नाही मिळाला तरी व्याख्यानं नेटवर फुकट आहेत. त्यात कंटाळा आला तर फॉर्म भरूच नकोस.

कच्चा_मसुदा:
व्याख्यानं सुरू केली. फॉर्मची मुदत पुढच्या महिन्यात आहे, कोर्स धरण्याबद्दल ऑफिसला ईमेल टाकलाय, उत्तर नाही अजून. मुलाखतींमध्ये "पाळी" शोधायला बसले तर टाइप न केलेल्या 17 आड आल्या. आधी त्या.