सी ड्राइव्ह आपोआप भरून राहिली, जागा नेमकं खाते कोण? (मदत हवी आहे)

संत्राबाग (ता. वरुड)
घरचा डेस्कटॉप आहे. आय-थ्री चौथी पिढी, ८ जीबी रॅम, विंडोज १०. सी म्हणजे १२० जीबीची एसएसडी, तिच्यावर फक्त विंडोज अन् प्रोग्राम. फोटो, पोरांचे व्हिडिओ सगळे डी वर, म्हणजे जुन्या ५०० जीबी हार्ड डिस्कवर. दिवाळीत सी वर ३८ जीबी मोकळे होते, आता २.३ राहिले. नवीन काहीच टाकलं नाही.

सी उघडून सगळं सिलेक्ट केलं अन् प्रॉपर्टीज पाहिली तर ५८ जीबी दाखवते. ड्राइव्हवरच राइट क्लिक केलं तर १०९.४ जीबी वापरलेले. मधले ५१ जीबी गेले कुठी? रिसायकल बिन रिकामी आहे, अँटिव्हायरसला काही सापडलं नाही. डिस्क क्लीनअप केलं की थोडी जागा सुटते, मग पुन्हा तेच.

लाइन दिवसातून कितीदाही जाते, यूपीएसची बॅटरी मेलेली आहे. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजचा दीड जीबी. दुकानवाला म्हणते फॉर्मॅट मारून विंडोज ११ टाका. फॉर्मॅट शक्यतो नको, प्रिंटर अन् अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर पुन्हा बसवणं फार कटकटीचं आहे.

खटपट्या
भाऊ, आधी एक: १२० जीबीची डिस्क विंडोजमध्ये १११.७ च दिसणार. कंपनी १००० ने मोजते, विंडोज १०२४ ने. ती जागा चोरीला गेलेली नाही.

आता ५१ जीबीचं. सिलेक्ट करून प्रॉपर्टीज पाहिली की ज्या फोल्डरमध्ये शिरायची परवानगी तुमच्या खात्याला नाही ते फोल्डर मोजलेच जात नाहीत, आणि तसं ते सांगतही नाही. विंडोजच्या आतलं टेम्प, सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन, दोन्ही त्यातलेच. हायबरनेशनची फाइल (हायबरफिल, मशीन झोपवताना रॅममधलं जपून ठेवणारी) अन् पेजफाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची) लपलेल्या असतात, त्या सिलेक्टच होत नाहीत. म्हणून त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

विझट्री उतरवा, कोणत्या फोल्डरने किती जागा घेतली ते दाखवणारा प्रोग्राम, काही एमबीचंच आहे, हॉटस्पॉटवर चालून जाईल. राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर द्या. ते एकेक फोल्डर उघडत बसत नाही, डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची नोंदवही (एनटीएफएसची मास्टर फाइल टेबल) थेट वाचते, म्हणून मिनिटाच्या आत यादी येते. चार आकडे इथे टाका: हायबरफिल, पेजफाइल, सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन, आणि विंडोज फोल्डरच्या आतले मोठे पाच फोल्डर. तोवर हाताने काहीच डिलीट करू नका.

वर्धाकाठ
एवढं कशाला? हायबरनेशन बंद करा, विनएसएक्सएस फोल्डर उडवा, १५ जीबी सुटले समजा.

खटपट्या
विनएसएक्सएसला हात लावायचा नाही, भाऊ. विंडोज आपले सगळे भाग ठेवते ते कंपोनंट स्टोअर म्हणजे हाच फोल्डर. त्यातल्या बऱ्याच फाइल सिस्टम३२ मधल्या फाइलींच्याच हार्ड लिंक असतात, म्हणजे एकाच फाइलीची दोन नावं. एक्सप्लोरर तीच फाइल दोनदा मोजते, त्यामुळे फोल्डर दिसतो तेवढा मोठा नसतो. हाताने उडवला तर पुढचं अपडेट बसत नाही, कधी मशीन चालूच होत नाही. तो कमी करायचा तर डिझम या विंडोजच्याच दुरुस्तीच्या प्रोग्रामच्या स्टार्टकंपोनंटक्लीनअप या आज्ञेनेच.

शिवाय मुख्य गोष्ट सुटून राहिली. हायबरनेशनची फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के असते अन् तेवढीच राहते. यांची जागा *रोज कमी* होऊन राहिली. वाढणारं शोधायचं आहे, मोठं असलेलं नाही.

संत्राबाग
हे घ्या. हायबरफिल ३.२ जीबी, पेजफाइल ५, सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन ९.६. विंडोजमध्ये टेम्प ३४.१ (!), विनएसएक्सएस ९, सिस्टम३२ ५, सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन ४.६, लॉग्ज ३.९. टेम्पमध्ये कॅब अन् अंडरस्कोर अन् पुढे आकडे अशा नावाच्या फाइलींची रांगच्या रांग आहे, सगळ्या जवळपास सारख्याच आकाराच्या.

खटपट्या
सापडला चोर. लॉग्जमध्ये सीबीएस नावाचा फोल्डर असेल, तो उघडा. त्यात सीबीएस-पर्सिस्ट अन् पुढे तारीख अशा नावाची लॉग फाइल २ जीबीच्या वर असणार.

होतं असं. अपडेट बसवणारी यंत्रणा आपला हिशेब सीबीएस लॉगमध्ये लिहिते. लॉग मोठा झाला की त्याचं नाव बदलून मेककॅब या प्रोग्रामने दाबून कॅब फाइल करायची, असा नेम आहे. मेककॅबला २ जीबीच्या वरची फाइल झेपत नाही. काम अर्ध्यात बंद पडते, अर्धवट कॅब टेम्पमध्ये तशीच राहते, अन् थोड्या वेळाने विंडोज पुन्हा तोच प्रयत्न करते. दर वेळी एक नवी फाइल. तुम्ही क्लीनअप केलं तेव्हा कचरा थोडा निघाला, कचरा करणारी लॉग फाइल जागेवरच राहिली.

म्हणून क्रम उलटा करू नका. मशीन रीस्टार्ट करा. विंडोज अन् आर दाबून services.msc लिहा म्हणजे सर्व्हिसेस उघडेल, त्यात विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर (अपडेट बसवणारी सर्व्हिस) शोधून स्टॉप करा. थांबत नसेल तर मागे अपडेट चालू आहे, अर्धा तास जाऊ द्या. मग आधी सीबीएस फोल्डरमधल्या लॉग फाइल डिलीट करा. नवा लॉग विंडोज स्वतः बनवते. त्यानंतरच टेम्पमधल्या कॅब. टेम्पमधली एखादी फाइल वापरात आहे असं आलं तर स्किप करा. शिफ्ट धरून डिलीट करा, नाहीतर ३४ जीबी रिसायकल बिनमध्ये जाऊन बसतील. मग सर्व्हिस पुन्हा स्टार्ट.

सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशनचंही तसंच. विंडोज अपडेट अन् बिट्स (मागे डाउनलोड करणारी, बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस) या दोन सर्व्हिस थांबवायच्या, आतल्या डाउनलोड फोल्डरमधलं सगळं काढायचं, सर्व्हिस सुरू करायच्या. हॉटस्पॉटला नेटवर्कच्या सेटिंगमध्ये मीटर्ड कनेक्शन करून ठेवा, म्हणजे दीड जीबी संपवून अर्धवट अपडेट पडून राहणार नाहीत.

११ चं विसरा. अधिकृतपणे ते इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते. तुमची चौथी आहे.

वर्धाकाठ
बरं, विनएसएक्सएसचं मागे घेतो. पण सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशनचे ते ९.६ जीबी रिस्टोअर पॉइंटचे (विंडोज मागच्या स्थितीत नेता येते त्या नोंदींचे) आहेत, ते तरी कमी करा. सिस्टम प्रोटेक्शन, सी, कॉन्फिगर, अन् पट्टी ४ जीबीवर. पूर्ण बंद नका करू, लाइन जाणाऱ्या गावात रिस्टोअर पॉइंट कामी पडते.

हायबरनेशनसाठी ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी /एच /टाइप रिड्यूस्ड द्या (टाइप इंग्रजीतच करायचं, इथे देवनागरीत लिहिलं). फाइल अर्धी होते अन् फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर चालू होण्याची सोय) शाबूत राहते. एरर आली तर आधी पॉवरसीएफजी /एच /साइज ० द्या, मग तीच आज्ञा. पूर्ण ऑफ केलं तर फास्ट स्टार्टअपही जाते, एसएसडीवर त्याचं फारसं अडत नाही म्हणा.

मीटरबॉक्स
जागेचं झालं, आता लाइनचं. अपडेट चालू असताना करंट गेला की कंपोनंट स्टोअर बिघडू शकतो, मग एकेक दुरुस्ती फसते अन् प्रत्येक फसणं लॉगमध्ये लिहिलं जाते. नुसता लॉग उडवून भागणार नाही. ॲडमिन प्रॉम्प्टमध्ये चेकडिस्क, म्हणजे chkdsk c: /f द्या, वाय दाबा, रीस्टार्ट करा. सी वर फाउंड.००० नावाचा लपलेला फोल्डर असेल तर त्यात तुटलेल्या फाइलींचे तुकडे असतात. कामाचं काही नाही असं पाहून काढून टाका.

यूपीएस नवीन घेऊ नका. ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसमध्ये सहसा एकच १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी असते. यूपीएस बंद करून, प्लग काढून, झाकण उघडायचं, लाल वायर प्लसला, काळी मायनसला. या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या हिशेबाने सांगतात, पुढे दर १० अंशांना ते जवळपास अर्धं होते. आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या खोलीत ठेवलेली बॅटरी तीन वर्षं टिकत नसते. अन् प्रिंटर यूपीएसला जोडू नका. लेझर तापताना एवढा करंट ओढते की यूपीएस ओव्हरलोड होऊन मशीन बंद पडते.

प्रिंटरवरून आठवलं. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर किप प्रिंटेड डॉक्युमेंट्स ही खूण असेल तर काढा. ती असली की छापलेलं प्रत्येक पान स्पूल फोल्डरमध्ये साठत राहते.

संत्राबाग
लॉग अन् कॅब काढल्या, ४० जीबीच्या वर मोकळे दिसतात. टेम्पमध्ये नवीन कॅब आली नाही. लॉग फाइल २.१ जीबीची निघाली. बॅटरी सांगून ठेवली. पण कंपोनंट स्टोअर दुरुस्त करायला डिझमची रिस्टोअरहेल्थ ही आज्ञा लावली तर ६२.३ टक्क्यांवर अडकली आहे. बंद करू का?

खटपट्या
बंद नका करू. त्या आकड्यावर ती बऱ्याच मशीनवर अडकल्यासारखी दिसते, अन् हॉटस्पॉटवर तर आणखीच, कारण तिथे ती अपडेटच्या सर्व्हरवरून फाइली मागवत असते. डेटा शिल्लक आहे का ते पाहा. पूर्ण झाली की एसएफसी /स्कॅननाऊ (विंडोजच्या बिघडलेल्या फाइली बदलणारी आज्ञा), आधी नाही. एसएफसी त्याच स्टोअरमधून फाइली उचलते.

शेवटी ०एक्स८००एफ०८१एफ अशी एरर आली तर सोर्स सापडला नाही असा अर्थ. मग ज्याच्याकडे ब्रॉडबँड आहे त्याच्याकडून विंडोज १० ची आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची एकच मोठी फाइल) पेनड्राइव्हवर आणा. भाषा, आवृत्ती अन् ६४ बिट तुमच्याशी जुळलं पाहिजे. आयएसओ ४ जीबीहून मोठी असते, पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर कॉपीच होणार नाही, एक्सफॅट करून घ्या. फाइल डी वर ठेवून डबल क्लिक केलं की नवीन ड्राइव्ह दिसते. तिच्यातल्या सोर्सेस फोल्डरमध्ये इन्स्टॉल.विम आहे की इन्स्टॉल.ईएसडी ते पाहून इथे लिहा, अन् तुमची विंडोज होम आहे की प्रो तेही. आज्ञा त्यावरून बदलते.