मदत हवी आहे: फिन प्लेट कनेक्शन, हाताने पास आणि सॉफ्टवेअरमध्ये फेल

नमस्कार मंडळी, जरा डोकं आउट झालंय. आयएसएमबी ३०० (३०० मिमी खोलीचा स्टीलचा आय-सेक्शन) चा सेकंडरी बीम आयएसएमबी ४५० च्या गर्डरला एका बाजूने येतोय, टॉप लेव्हल सेम म्हणून त्याचा वरचा फ्लँज (आडवी पट्टी) टोकाला कोप केलाय, म्हणजे खाच पाडून कापलाय. स्टाड या अ‍ॅनालिसिस सॉफ्टवेअरमधून एंड शिअर (बीमच्या टोकाचा उभा भार) १२० किलोन्यूटन, मोमेंट रिलीज दिलेत, म्हणजे टोकाला मोमेंट जात नाही असं धरलंय. फिन प्लेट (गर्डरच्या वेबला, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीला, वेल्ड केलेली आणि बीमच्या वेबला बोल्ट केलेली प्लेट) १० मिमी, एम२० ८.८ ग्रेडचे ३ बोल्ट एका उभ्या ओळीत, पिच (बोल्टमधलं अंतर) ६०, एज (कडेपासूनचं अंतर) ४०, बोल्ट लाइन गर्डरच्या वेबपासून ५० मिमी.

आयएस ८०० : २००७ (स्टील डिझाइनचा कोड) ने एक्सेलमध्ये केलं तर एका बोल्टची शिअर कपॅसिटी ९० किलोन्यूटनच्या आसपास पण बीमच्या ७.५ मिमी वेबमुळे बेअरिंगमध्ये (बोल्ट वेबच्या भोकावर दाबतो त्यात) ७४ च मिळते, आणि ५० मिमीची एक्सेंट्रिसिटी (त्या अंतरामुळे येणारा मोमेंट) धरून वरच्या बोल्टवर ६४ येतात, म्हणजे रेशो (भार भागिले कपॅसिटी, १ च्या वर गेला की फेल) ०.८६. ऑफिसचं कनेक्शन सॉफ्टवेअर मात्र १.१४ दाखवतंय! उलटं गणित केलं तर त्याने एक्सेंट्रिसिटी ५० ऐवजी ७५ मिमी धरली असं दिसतंय, म्हणजे गर्डरच्या फ्लँजची अर्धी रुंदी, पण कोप केल्यावर फ्लँजचा संबंध कुठे येतो?? बहुतेक कोप मॉडेलमध्ये गेलाच नाहीये, पण रिपोर्टमध्ये नुसता रेशो, स्टेप काही नाही (असले रिपोर्ट चेकिंगला देतात तरी कसे).

कोणी बघितलंय का हे? आणि एक्सेंट्रिसिटीचा मोमेंट बोल्टवर धरला तर प्लेटच्या वेल्डलाही पूर्ण धरायचा का? आयआयटी बॉम्बेच्या ऑसडॅग या स्टील डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फिन प्लेट मॉड्यूल आहे, फुकट पण आहे, त्यात टाकून बघावं म्हणतोय, कोणी वापरलं असेल तर सांगा. चौथा बोल्ट टाकून मोकळं व्हायचं नाहीये, कारण कळायला हवं.