वय ३४. लहानपणापासूनचा ‘धांदरटपणा’ डिस्प्रॅक्सिया निघाला. स्कूटी शिकू का, आणि घरी सांगू कसं?

जुळे_सोलापूरची

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी बिलिंग बघते. दिवाळीनंतर सात वर्षांच्या मुलाला दाखवायला पुण्याला गेलो होतो. त्याला शर्टाची बटणं लावायला जमत नाही, पेन्सिल इतकी दाबून धरतो की कागद फाटतो. तिथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी त्याचं विचारता विचारता मला विचारलं, “तुमचं लहानपणी कसं होतं?” मी बोलायला लागले आणि थांबताच येईना. मग सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं आणखी दोन खेपा केल्या, माझीही तपासणी झाली. मुलाला आहे तेच मला आहे, डिस्प्रॅक्सिया, म्हणजे हालचाली जुळवून करणं जमत नाही.

शाळेत १५ ऑगस्टला लेझीम असायची. पाऊल पुढं, हात खाली, कमरेत वाकून वळायचं. प्रत्येक गोष्ट सुटी सुटी मला यायची, सगळी मिळून एका ठेक्यात कधीच आली नाही. सर आधी मागच्या रांगेत पाठवायचे, सातवीत रांगेतूनच काढलं. घरी रात्री आरशासमोर दोन उलथणी घेऊन सराव करायची मी. आळस कधीच नव्हता, हे मला आज कुणाला तरी सांगायचंय.

दहावीला उत्तरं येत होती पण हात पुरला नाही, प्रत्येक पेपरात शेवटचा प्रश्न राहिला. आजही चहाचा ट्रे घेऊन उंबरा ओलांडताना श्वास रोखून धरते. दाराच्या चौकटीला खांदा लागून निळा पडतो, कधी लागला ते कळतही नाही. डावीकडं म्हटलं की आधी घड्याळाचा हात बघते. फोनवर ऐकता ऐकता लिहून घेणं जमत नाही, दोन्हीतलं एक सुटतं. पण बिलात माझी चूक सापडत नाही, कारण मी प्रत्येक आकडा दोनदा बघते. संध्याकाळी त्यामुळंच गळून जाते.

सासूबाई ऑर्डरच्या कडक भाकरी करतात. कागदासारखी पातळ, सगळीकडून सारखी. माझी एका बाजूनं जाड राहते नाहीतर उचलताना फाटते. अकरा वर्षं त्या म्हणतात, “हातात जीव नाही पोरीच्या.” वाईट नाहीत हो त्या. माझ्या दोन्ही बाळंतपणात त्यांनीच केलं सगळं. पण ते वाक्य रोज टोचतं.

आता स्कूटी. दोन रिक्षा बदलून कामावर जाते, रोजचे १२० रुपये जातात. होम मैदानाच्या कडेला ह्यांनी शिकवायला घेतलं. आरसा बघ, इंडिकेटर दे, रेस कमी कर, ब्रेक दाब. चौथ्या दिवशी आसरा चौकाजवळ वळताना ब्रेकऐवजी रेस पिळली गेली आणि पडले. गुडघ्याला सहा टाके. तेव्हापासून गाडीवर पांघरूण आहे.

दोनच प्रश्न. कुणी मोठेपणी शिकलंय का, की नाद सोडू? आणि सासूबाईंना हे मराठीत सांगू कसं? डिस्प्रॅक्सिया म्हटलं की त्या म्हणतील, नवीन खूळ.

---

थेरपिस्ट_पुणे

ताई, मी याच क्षेत्रात आहे. तुम्हाला तपासलेली मी नव्हे, तेव्हा सर्वसाधारण सांगते.

याला वैद्यकीय भाषेत डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात. शाळकरी वयाच्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांत आढळतो, आणि अनेकांत मोठेपणीही राहतो. बुद्धीशी संबंध नाही, स्नायूही दुबळे नसतात. हालचाल आखणं, तिचा क्रम लावणं आणि ती अंगवळणी पडणं, इथं अडतं. इतरांचं पाचव्या दिवशी आपोआप होतं ते तुम्हाला पन्नासाव्या दिवशीही लक्ष देऊन करावं लागतं. संध्याकाळचा थकवा त्याचाच आहे, खरा आहे. यावर औषध नाही. जे काम यायला हवं, त्याच कामाचे तुकडे करून सराव करणं याचा उपयोग होतो. नुसते चेंडू पकडायचे व्यायाम करून भाकरी सुधारत नाही.

वाचणाऱ्या इतरांसाठी: हे लहानपणापासून असतं. हात-पाय अलीकडेच अडखळायला लागले असतील तर इथं विचारत बसू नका, आधी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

स्कूटीबद्दल. बरेच जण शिकतात, वेळ जास्त लागतो. काही जण न चालवायचं ठरवतात, त्यातही काही कमीपणा नाही. तुम्ही पडलात ते एका दमात चार सूचना मिळाल्या म्हणून, असं मला वाटतं. आधी इंजिन बंद ठेवून गाडी नुसती ढकला आणि ब्रेकवर थांबवा. दोन-तीन दिवस फक्त ब्रेक. मग बसून पाय टेकवत हळू. आरसा आणि इंडिकेटर अगदी शेवटी. वीस मिनिटं, रोज तीच जागा, तीच वेळ, दमण्याआधी थांबायचं. शिकवणाऱ्यानं एका वेळी एकच शब्द बोलायचा. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं, परीक्षा ३० दिवसांनंतर कधीही देता येते, तेव्हा महिना भरला म्हणून धावू नका. विनागिअरचंच लायसन्स काढा. तोल हीच मुख्य अडचण असेल तर मागं दोन जादा चाकं बसवून मिळतात, पण आरटीओत तशी नोंद करावी लागते.

ऑफिसात फोनसाठी हेडफोन मागा, किंवा ऑर्डर व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवायला सांगा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचं नाव स्पष्ट आहे. मुलाच्या शाळेशी बोलताना ते जवळ ठेवा.

---

जॉबर_काका

पोरी, मी बत्तीस वर्षं सोलापूरच्या पूर्व भागात पॉवरलूमवर जॉबर होतो, म्हणजे माग नीट चालता ठेवणारा. तुझ्या आजाराचं मला काही ठाऊक नाही, पण सासूबाईंना कसं सांगायचं ते सांगतो. सोलापूरच्या असतील तर माग त्यांनी बघितलेला असणार.

मागावर धागे वर-खाली होतात, मधे फट पडते, त्या फटीतून धोटा पलीकडं जातो. सूत चांगलं असतं, धोटा चांगला असतो, मोटार चांगली असते. पण धोटा जरा उशिरा सुटला की फट मिटते, तो ताण्यातच, म्हणजे उभ्या धाग्यांत, अडकतो आणि शंभर धागे तुटतात. नवीन मालक सूत बदलतो, कामगाराला शिव्या देतो. आम्ही टायमिंग बघायचो. तुझ्या हातात जीव आहे, टायमिंगचं बिनसलंय, एवढंच सांग त्यांना.

आणि माझा पुतण्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज धरतो. एवढी उंच काठी कमरेवर तोलायची, ती एका दिवसात येत नाही. यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव चालतो, आजूबाजूला धरणारे चार जण असतात. नवख्याला एकट्यानं कुणी रस्त्यावर सोडत नाही. तुलाही सोडायला नको होतं.

---

मंगळवार_बाजार

मला तपासणी वगैरे काही झालेली नाही, पण लेझीमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या शाळेत मला झेंडा धरून उभं करायचे. चाळीस वर्षं वाटायचं की तो मान होता. मी एकोणचाळिसाव्या वर्षी स्कूटी शिकले, आठ महिने लागले. अजून उजवीकडं वळायचं असेल तर पुढं जाऊन सिग्नलवरूनच वळते, लांब पडलं तरी चालतं. रात्री आणि पावसात चालवत नाही. हे माझे नियम, घरात सगळ्यांना माहीत आहेत.

---

जुळे_सोलापूरची

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा निरोप पोचला.

रविवारी सासूबाई पीठ मळत होत्या तेव्हा शेजारी बसून सांगितलं. त्यांचे वडील मागावरच होते, हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं. धोटा अडकल्याचं म्हटल्यावर हात थांबला त्यांचा. मग विचारलं, “नातवाला पण हेच आहे का?” हो म्हटलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

उठल्या, एक फडका ओला करून पिळला आणि परातीखाली घातला. म्हणाल्या, “परात सरकती तुझी. एक हात ती धरण्यातच जातो.” खरंच जात होता, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. भाकरी अजून एका बाजूनं जाडच झाली, पण फाटली नाही. दुसरी करताना त्या फक्त “फिरव” एवढंच म्हणत होत्या.

ह्यांना थेरपिस्ट ताईंचा प्रतिसाद वाचायला दिला. उद्या सकाळी सहाला होम मैदान, इंजिन बंद, फक्त ब्रेक. मुलगाही सायकल घेऊन येतोय.