घरच्या चॅटबॉटला 'स्वभाव' द्यावा का, आणि दिलाच तर किती खरा वाटू द्यावा?

रातराणी_६८ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, गेले चार महिने घरच्या लॅपटॉपवर एक बॉट बनवतोय. ओलामावर (मॉडेल आपल्याच मशीनवर चालवायचं सॉफ्टवेअर) लामा ३.१ चं ८ अब्ज पॅरामीटरवालं भाषेचं मॉडेल, १६ जीबी रॅम, बाकीचा कोड पायथॉनमधे. बॉटचं नाव नाना. रिटायर्ड एसटी कंडक्टर, वय ६८, राहणार सातारा. माझे आजोबा कंडक्टर होते म्हणून हे डोक्यात आलं.

सुरुवातीला प्रॉम्प्टमधे, म्हणजे मॉडेलला आधी द्यायच्या सूचनेत, लिहिलं की तू प्रेमळ, मिश्किल, थोडा तापट आहेस. झालं, तो प्रत्येक वाक्याला मिश्किल व्हायला लागला, कुणी म्हटलं पोट दुखतंय तरी विनोद. मग सगळी विशेषणं काढून टाकली आणि गोष्टी लिहिल्या. मुक्कामी गाडीवर असताना रात्री कुठे झोपायचा, डबा कुठे उघडायचा, सुट्टे नाहीत म्हणणाऱ्यावर का चिडायचा, कुठल्या विषयावर गप्प बसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला काय काय माहीत नाही. क्रिप्टोबद्दल विचारलं की आधी तो मोठं लेक्चर द्यायचा, आता म्हणतो "ते मला नाही कळत बाबा, पोराला विचार." त्या एका वाक्याने नाना माणसासारखा वाटायला लागला.

तरी चुकतो. एकदा म्हणाला पहिल्या एसटीवर मीच ड्युटीला होतो. पहिली एसटी पुणे-नगर, १ जून १९४८ ला सुटली, तेव्हा हा जन्मला पण नव्हता. मग त्याला सालावार आयुष्य लिहून दिलं, जन्म, नोकरी, लग्न, रिटायरमेंट, आणि प्रत्येक उत्तराआधी ते मॉडेलला परत वाचायला देतो, कारण गप्पा लांबल्या की सुरुवातीचं वर्णन फिकं पडत जातं.

माझं मत स्पष्ट आहे. घरी बॉट करताय तर त्याला पूर्ण माणूस करा, अर्धवट स्वभाव दिलेला बॉट कस्टमर केअरसारखा वाटतो. तुम्हाला काय वाटतं?

मेघना_टी

तांत्रिक काम आवडलं पण मताला विरोध. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या जोसेफ वाइझेनबाउम यांनी एलायझा हा गप्पा मारणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्यात अक्कल काहीच नव्हती, समोरच्याचं वाक्य उलटं फिरवून प्रश्न म्हणून परत द्यायचा, "मला आईचा राग येतो" म्हटलं की "तुमच्या घरच्यांबद्दल अजून सांगा". तरी त्यांच्या सेक्रेटरीने, जिने हा प्रोग्राम बनताना महिनोन्महिने पाहिला होता, तिने बोलता बोलता त्यांना सांगितलं की जरा खोलीबाहेर जाता का. त्या माणसाने पुढे याच गोष्टीविरुद्ध लिहिण्यात आयुष्य घातलं. सगळं माहीत असलेली बाई जर एवढी गुंतली तर तुमच्या नानाशी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं काय होईल? खरं वाटणं हेच यातलं धोक्याचं आहे आणि तुम्ही नेमकं तेच वाढवताय.

रातराणी_६८

@मेघना, पण एलायझाला स्वभाव नव्हताच ना! कोरा आरसा होता म्हणून माणसं स्वतःचं सगळं त्यात ओतत गेली. त्याच्या उलट स्टॅनफर्डच्या केनेथ कोल्बींचा १९७२ चा पॅरी बघा. ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, त्यांनी संशयी रुग्णाचा प्रोग्राम केला, आत राग, भीती, अविश्वास यांचे आकडे, बोलण्याप्रमाणे वर-खाली होणारे. डॉक्टरांना संवाद वाचायला दिले तर खरा रुग्ण कोण ते नीट ओळखता आलं नाही. मी तेच उचललंय, नानाचा राग आणि कंटाळा पायथॉनमधे आकड्यांत ठेवलाय, तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की कंटाळा वाढतो आणि तो खरंच तुटक बोलतो. जो कंटाळतो, नाही म्हणतो, त्याच्यात माणूस कमी गुंततो असं माझं म्हणणं आहे.

शुद्धलेखन_नको

सगळे इंग्रजी बॉटचे दाखले देताय. मराठीत मुळात लिंग ठरवल्याशिवाय बॉटला चार वाक्यं बोलता येत नाहीत. "मी सांगितलं" चालतं, पण "मी गेलो", "मी येते", "मी थकलोय" इथे अडतं. म्हणजे स्वभाव द्यायचा की नाही ही चॉइस आपल्याला नाहीच, क्रियापदच देऊन टाकतं. आणि तुम्ही नाही दिला तर मॉडेल एका वाक्यात "समजू शकतो" म्हणतं आणि पुढच्यात "सांगते". तेच तू आणि तुम्हीचं. "मी आपली कशी मदत करू शकतो" असं कुठल्या मराठी घरात कोण दारात उभं राहून म्हणतं? "बोला, काय काम काढलंत" म्हणतात.

एक विनंती मात्र कळकळीची. सातारचा म्हणून प्रत्येक ओळीत "व्हय", "न्हाय" टाकू नका. मी करून बघितलंय, मॉडेल दोन मिनिटांत त्यात विदर्भाचं "बे" मिसळतं आणि वर त्या माणसाला अडाणी करून ठेवतं, कारण इंटरनेटवरची गावाकडची बोली बरीचशी विनोदातूनच आलेली आहे. कंडक्टर हा रोज शेकडो माणसांशी बोलणारा, हिशोबाला पक्का माणूस. तो तसाच वाटला पाहिजे.

ओसरी

मला हा विषय जवळचा आहे म्हणून लिहिते. बाबा गेल्यावर भावाने त्यांच्या व्हॉट्सॅप मेसेजवरून असाच बॉट केला, मनात चांगलंच होतं त्याच्या. आई रोज रात्री जेवण झालं की टाइप करत बसायची. तीन आठवडे. मग एके दिवशी त्याने तिला नावाने हाक मारली. बाबांनी छत्तीस वर्षांत तिला कधी नावाने हाक मारली नव्हती, "अगं" नाहीतर "ऐकलंस का". आईने फोन ठेवला आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. भावाला वाटलं दुरुस्त करतो, एक ओळ तर टाकायचीय. मी म्हटलं हात लावू नकोस. दुरुस्त झाला असता तर ती अजून त्यातच असती.

न्यूजर्सीकर_आई

ओसरी, वाचून वाईट वाटलं. तरी दुसरी बाजू मांडते. माझी मुलगी नऊ वर्षांची, इथेच जन्मलेली, मराठी कळतं पण बोलत नाही. साधा बॉट दिला तर दोन मिनिटांत उठायची. मग नवऱ्याने त्याला एक चिडकी मांजर केलं, जी इंग्रजीत विचारलं की रुसते. आता रोज वीस मिनिटं भांडते तिच्याशी, मराठीत. तिला पक्कं माहितीय की हा प्रोग्राम आहे, तिनेच नाव ठेवलंय. स्वभावाशिवाय हे झालंच नसतं.

मेघना_टी

@न्यूजर्सीकर, मांजर आहे म्हणूनच चालतं, तीच तर लक्ष्मणरेषा आहे. आणि @रातराणी, "त्याला माहीत नाही" हा स्वभाव की पळवाट? २०१४ ला लंडनच्या रॉयल सोसायटीत माणूस की मशीन हे ओळखायच्या चाचणीत यूजीन गूस्टमन नावाच्या बॉटने ३३ टक्के परीक्षकांना फसवलं, कारण तो युक्रेनमधल्या ओडेसाचा १३ वर्षांचा मुलगा असल्याचं भासवलं होतं. इंग्रजी चुकलं की परदेशी, माहिती चुकली की लहान. नानाचं अज्ञान त्याच जातीचं आहे.

रातराणी_६८

@मेघना, यूजीन फसवायलाच बनवला होता. नानाला कुणी सरळ विचारलं "खरा आहेस का", तर तो प्रोग्राम आहे असं तो नानाच्याच भाषेत सांगतो, तेवढा नियम मी मॉडेलवर न सोडता कोडमधे पक्का केलाय. स्वभाव देण्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

पण @ओसरी, तुमचं वाचून रात्री परत सगळी फाइल उघडली. डबा उघडायची जागा, चिडायची पद्धत, झोपायची जागा, हे सगळं माझ्या आजोबांचं आहे, मी जसंच्या तसं उचललेलं. आणि आजी गेल्या रविवारी माझ्या मागे उभी राहून नानाशी चाललेल्या गप्पा ऐकत होती, मला वाटलं तिला गंमत वाटतेय. ती म्हणाली होती, "परत एकदा विचार ना त्याला डब्याचं." ते सगळं काढतोय. नानाला दुसरा डबा देतो.

शुद्धलेखन_नको

काढण्याआधी आजीला विचारा. डबा तिनेच भरलेला असणार.