मदत हवी आहे: स्विस मतदान, २०१४ आणि २०२०
स्वित्झर्लंडने ९ फेब्रुवारी २०१४ ला ५०.३ टक्के मतांनी स्थलांतरावर कोटा लावायचं ठरवलं. अंमलबजावणीची मुदत तीन वर्षं. घोडं अडलं युरोपीय संघाबरोबरच्या मुक्त संचार करारावर (एकमेकांच्या देशांत राहण्याची, काम करण्याची मुभा). तो मोडला की सहा महिन्यांत त्याच्यासोबत केलेले इतर सहाही करार आपोआप रद्द! म्हणून संसदेने कोटा गुंडाळला. जास्त बेकारीच्या व्यवसायांतल्या रिकाम्या जागा आधी पाच दिवस रोजगार कार्यालयात नाव नोंदवलेल्यांनाच दिसतील, एवढंच केलं (पळवाटच ती). २०२० मध्ये मुक्त संचारच संपवायचा प्रस्ताव आला, तर ६१.७ टक्के 'नाही'. टिचिनो कॅन्टन (म्हणजे प्रांत) मात्र दोन्ही वेळा 'हो'.

मग मत बदललं की प्रश्न? दोन्ही मतदानांनंतरच्या जनमत पाहण्यांत सारख्याच शब्दांत विचारलेला एखादा प्रश्न कुणाला माहीत आहे का? कॅन्टनवार आकडे हवेत, जर्मनमध्ये असले तरी चालतील.